पिवळं की पांढरं, मेधा?

मेधा,

केविनचा आज सकाळी परत फोन आला. बराच वेळ बिचारा इकडचं तिकडचं बोलत राहिला. मेंढ्यांची लोकर कापायचे दिवस आलेत, पाऊस ओढ देतोय, कुत्र्याचा पाय बरा झाला. मग घसा साफ करून म्हणाला, दोन्ही मालक माझ्या शब्दाखातर थांबलेत, पण आता दुसरी गिऱ्हाइकं येताहेत, या शनिवारपर्यंत काय ते सांग. घ्यायचं नसेल तर तसं सांग, कुणी वाईट वाटून घेणार नाही. मी म्हटलं, सांगतो. फोन ठेवला आणि सवयीने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, केविन विचारतोय." मग तिथेच फरशीवर बसलो.

आता तूच सांग, मी त्याला काय सांगू? त्या गुरुवारी सकाळी, एका हाताने पर्सची चेन ओढत, दुसऱ्या हातात टोस्टचा उरलेला तुकडा घेऊन तू दारात म्हणालीस, "माझं ठरलंय. शनिवारी सांगते. आत्ता सांगितलं तर तू वाद घालत बसशील आणि माझी मीटिंग चुकेल." मी मागून विचारलं, पिवळं की पांढरं? लिफ्टचं दार मिटेपर्यंत तू नुसती हसत होतीस. त्या हसण्याचा अर्थ लावून लावून माझं डोकं फुटायची वेळ आलीय. जिंकलेलं हसू होतं की माघार घेतलेलं? शनिवार आला आणि गेला. त्याच्या पुढचाही गेला. सांग ना, मेधा. कुणाच्या तरी तोंडून, स्वप्नात, कसंही, पण सांग.

तू गेल्यावर भेटायला आलेल्या लोकांना आपल्या फ्रिजवर लावलेले ते दोन फोटो बघून मोठं कोडं पडायचं. जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये, देवाच्या कॅलेंडरशेजारी, दोन विमानं. एक पिवळं, दोन माणसांचं, एकापुढे एक बसायचं. टायर ही एवढी फुगलेली, तिसरं चाक शेपटीखाली, त्यामुळे जमिनीवर नाक वर करून बसलेलं. दुसरं पांढरं, अंगाने थोराड, पुढच्या दोन सीट शेजारी शेजारी, तिसरं चाक नाकाखाली. मंडळातले एक काका हळूच म्हणाले, नातवंडांसाठी आणलेत वाटतं फोटो. मी मान हलवली. काय समजावणार होतो? रिटायर झाल्यावर लोक पुण्याला फ्लॅट घेतात, आम्ही दोघं म्हातारे ऑस्ट्रेलियात गवताच्या आणि मातीच्या आखूड धावपट्ट्यांवर उतरत हिंडायला आयुष्यातलं पहिलं विमान बघत होतो, हे कुणाला सांगितलं असतं तर त्या घरात, त्या दिवशी, किती वेडगळ वाटलं असतं.

हे वेड तुझं. मी जहाजावरचा माणूस, पायाखाली लोखंड नसलं की मला कसंतरी होतं. पण त्या सुट्टीत ऑस्ट्रेलियात केविनच्या शेतावर राहिलो आणि त्याने आपल्याला त्याच्या जुन्या विमानात बसवून डोंगरापलीकडच्या नदीवर नेलं. नदीकाठची ती पट्टी आठवते? एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडी, मध्ये माणसाने जेमतेम साफ केलेला वाळूचा आणि गवताचा पट्टा. मला वाटलं हा माणूस आपल्याला घेऊन नदीत जाणार. तू पुढच्या सीटवरून मागे वळून माझ्याकडे बघितलंस तेव्हा तुझ्या डोळ्यांत जे होतं ते मी आपल्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. तिथेच मी समजून चुकलो की आता सुटका नाही.

दुपारी निघताना उन्हाने हवा तापली, वारा पडला, आणि केविन पट्टीभर चालून आला. दोघांना घेऊन उठणार नाही म्हणाला, एकेकाला नेतो. तू आधी गेलीस. मी एकटा नदीकाठी उभा. विमान झाडांच्या शेंड्यांवरून गेलं, आवाज विरला, आणि अशी शांतता पसरली की इतकी वर्षं इंजिनांच्या गोंगाटात काढलेल्या माझ्यासारख्याला ती सोसेना. केविन परत येऊन मला घेऊन गेला तेव्हा तू त्याच्या शेडसमोर चहाचा मग घेऊन उभी होतीस. माझा चेहरा बघून पोट धरून हसलीस. "अरे, तुला काय कायमचं टाकून आले होते का?"

आता काय म्हणशील?

मग दर रविवारी समुद्रातल्या कॉजवे रस्त्यावरची ती गाड्यांची रांग, सरहद्दीपलीकडे जोहोरचा फ्लाइंग क्लब, आणि आपले मास्तर कॅप्टन रहमान. तुला लायसन्स मिळालं तेव्हा मी अजून उतरताना विमान बेडकासारखं उडवत होतो. मला दुसऱ्या खेपेला मिळालं, तेही रहमानने देवाचं नाव घेऊन दिलं असावं. पण दोघं एकत्र उडायचो तेव्हा डावी सीट तुझी आणि उजवी माझी, हे न बोलता ठरून गेलं होतं. तू बाहेर बघायचीस, मी आत. तेलाचा दाब, तापमान, इंजिनाचा आवाज. तुझी उंची कमी, विमानाच्या नाकावरून पुढचं दिसायचं नाही, म्हणून जेवणाच्या खुर्चीवरची उशी घेऊन यायचीस. हळदीचा डाग पडलेली ती चौकोनी उशी. रहमान म्हणायचा, मॅडमची उशी आली म्हणजे आज लँडिंग नीट होणार.

आणि माझी ती फजिती. केविनने कळवलेल्या शेता-नद्यांवरच्या पट्ट्या मी एका बाजूला मांडल्या, दोन्ही विमानं दुसऱ्या बाजूला, आणि छाती फुगवून तुला सांगितलं की पांढरं सगळीकडे चालतंय, नदीवरसुद्धा. तू चष्मा नाकावर सरकवून बघितलंस आणि विचारलंस, "हे सगळं उतरण्याचं आहे. निघायचं कसं?" जहाजवाल्याला सगळी धास्ती बंदरात शिरण्याची. वाळूचा उथळ भाग, वारा, धक्का, दोरखंड. एकदा माल उतरला की टग येतो आणि ओढून बाहेर काढतो, त्याची कसली काळजी? विमानाला टग नसतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही. उतरायला जेवढी पट्टी लागते त्यापेक्षा उठायला जास्त लागते, हे नदीकाठी स्वतः उभं राहून भोगलेल्या माणसाला कळू नये! तू आठवडाभर तुझ्या ऑफिसात ती गोष्ट सांगितलीस. बँकेच्या रिस्क खात्यातली बाई तू, कुठल्याही धंद्यात पैसे घालण्याआधी बाहेर कसं पडायचं तेच तुम्ही पहिलं विचारता म्हणालीस. तेव्हापासून तुझा हुकमाचा एक्का तोच होता. पांढरं आपल्या दोघांना घेऊन नदीवरून उठणार नाही. पिवळं हलकं आहे, टुणकन उठेल. झालं, विषय संपला.

माझा विषय कुठे संपत होता? पिवळ्यात मागे बसून मी काय करू, तुझ्या अंबाड्याकडे बघत बसू? एक काटा दिसत नाही, तेलाचा दाब दिसत नाही. इंजिनिअरला तसं बसवणं म्हणजे डोळे बांधून नेण्यासारखं. शिवाय शेपटीच्या चाकाचं विमान जमिनीवर क्षणात गिरकी घेतं, पायांनी सारखं सांभाळावं लागतं, रहमानच सांगायचा की ते कुणाला माफ करत नाही. तू म्हणायचीस, मी सांभाळीन, तू मागे बसून जप कर. जेवताना, एमआरटी ट्रेनमध्ये, हॉकर सेंटरमध्ये फिश सूपच्या रांगेत, आपण भांडत राहिलो. एकदा शेजारच्या टेबलवरच्या आजीबाईंनी मला टिश्यूचं पाकीट पुढे केलं, त्यांना वाटलं आपला घटस्फोट चाललाय. किती हसलो होतो. मला ते भांडण परत हवंय, मेधा. बाकी काही नको, ते भांडण हवंय.

आपल्यात एक रीत होती, तुला आठवत असेलच. जहाजावर चीफ इंजिनिअर उतरतो तेव्हा नव्याला हँडओव्हर देतो. सगळं इंजिनरूम हिंडून दाखवतो, कुठला पंप कुरकुरतो, कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो. तो दिल्याशिवाय शिडी उतरायची नाही. मी बोटीवर जायचो तेव्हा ती रीत आपण घरातही पाळली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तुला खोल्याखोल्यांतून फिरवायचो आणि परत आलो की तू मला. गीझरचं बटण सैल आहे. इराला गणितात मार्क कमी पडलेत, आत्ता बोलू नकोस. आईचे गुडघे. एकही गोष्ट तू कधी राहू दिली नाहीस. आणि या वेळी शिडी उतरलीस ती हँडओव्हर न देता, हातावर तुरी देऊन. वॉशिंग मशीनला कुठली पावडर लागते हे मला माहीत नाही. तुळशीला किती पाणी घालायचं माहीत नाही. पिवळं की पांढरं, माहीत नाही.

मी त्या दिवशी बंदराबाहेर नांगरून पडलेल्या एका जहाजाच्या इंजिनरूममध्ये तपासणी करत होतो. खाली फोन लागत नाही. वरून एक पोरगा धावत आला, सर, शोअरवरून कॉल. मला किनाऱ्यावर नेणारी लाँच यायची होती. मी डेकवर उभा राहून किनाऱ्याकडे बघत होतो. तांजोंग पगारच्या इमारती तिथून स्पष्ट दिसतात. त्यांतल्याच एकीत, मीटिंग आटोपून खुर्चीतून उठताना, तू डोकं धरून खाली बसली होतीस. मेंदूत रक्तस्राव. मी पोचलो तेव्हा तू कुणाशी बोलण्याच्या पलीकडे होतीस, आणि थोड्या वेळाने तेही संपलं. मी तिथल्या नर्सला विचारलं, काही बोलली का? ती म्हणाली, नाही अंकल. मी म्हटलं, एखादा रंग? रंगाचं नाव घेतलं का? तिने इराकडे बघितलं आणि मला खुर्ची दिली.

वेड्यासारखं वागलो, ठाऊक आहे मला. घरी येऊनही तुझा फोन बघितला, लॅपटॉप बघितला, स्वयंपाकघरातले डबेसुद्धा उघडले. कुठे काही नाही. तुझं सगळं डोक्यात असायचं आणि डोकंच दगा देऊन गेलं. अस्थी सोडायला बोटीतून गेलो तेव्हा गुरुजी मंत्र म्हणत होते आणि मी वाऱ्याची दिशा बघत होतो, कारण ते तुझं काम, आणि तू नव्हतीस म्हणून कुणीतरी बघायला हवं होतं. आजूबाजूला जहाजं नांगरून पडली होती, त्यांच्यातल्या काहींची इंजिनं मी आतून ओळखतो. कलश रिकामा झाला तरी मी हात पाण्याबाहेर काढेना. इराने माझं मनगट धरून वर ओढलं.

इथवर काल सकाळी लिहिलं होतं; मग घर खायला उठतं म्हणून इरा मला पुंगोलला तिच्या घरी घेऊन गेली. संध्याकाळी तिच्या बाल्कनीत बसलो होतो, खाली एलआरटी ट्रेनचे डबे फिरत होते. मी केविनचं काढलं. पोरगी भडकली.

"नो प्लेन, बाबा. फुल स्टॉप. यू थिंक यू कॅन फ्लाय अलोन? आई वॉज द पायलट, लाह."

मी म्हटलं, घेणार नाही असं म्हणू शकतो, पण आधी मला एवढंच कळू दे की तुझ्या आईने काय ठरवलं होतं. ते कळल्याशिवाय मला नाहीही म्हणता येत नाही आणि होही. मी बहुधा रडत होतो. इरा आत गेली, परत आली, पुन्हा आत गेली. शेवटी माझ्यासमोर जमिनीवर बसून, लहानपणी काही फोडलं की बसायची तशी, मराठीत बोलायला लागली. एरवी माझ्याशी इतकं सलग मराठी ती बोलत नाही.

"आईने मला त्या आठवड्यात फोन केला होता. विचारलं, मी नसले तर बाबा एकटा विमान परत आणेल का गं? मी म्हटलं, असं का विचारतेस. तर म्हणाली, आमच्या खात्यात हे विचारावंच लागतं. मग म्हणाली, पिवळं त्याला जमणार नाही. त्याचे पाय जड आहेत. पांढरं आणेल तो."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू गेला असतास."

मेधा, मी हसलो. तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा हसलो, आणि मग ते हसू कुठे थांबवायचं तेच कळेना, इरा घाबरून पाणी घेऊन आली. कारण तुला ठाऊकच नाही. त्या गुरुवारी सकाळी लाँचमधून जहाजाकडे जाताना मीही माझं ठरवलं होतं. पिवळं. म्हटलं, हिला नदी हवीय, दोघांना घेऊन नदीवरून उठणारं तेच आहे, बसू मागे, बघू अंबाडा, त्यातही काही वाईट नाही. शनिवारी पोह्यांच्या वेळी तुला सांगून चकित करणार होतो. म्हणजे शनिवारी आपण परत भांडलोच असतो, फक्त बाजू बदलून. तू पांढऱ्यासाठी हट्टाला पेटली असतीस आणि मी पिवळ्यासाठी. एवढं एक भांडण तरी आपल्याला मिळायला हवं होतं. इतका साधा शनिवार होता तो.

माझे पाय जड आहेत म्हणे. आहेत. आज तर उचलवतच नाहीत.

आज सकाळी आपल्या घरी परत आलो आणि पांढऱ्याचं पुस्तक काढून नदीच्या पट्टीचं गणित पुन्हा मांडलं. तू शिकवलंस तसं, निघण्याचं. तोच वारा, तेवढंच पेट्रोल, सकाळची थंड हवा. वजनाच्या रकान्यात आपली दोघांची वजनं लिहायची सवय. माझं लिहिलं आणि हात थांबला. तुझं लिहायचं नव्हतं. तसंच पुढे गेलो, आणि उत्तर आलं. पट्टी पुरते. झाडांच्या आधी, चांगली जागा राखून, पांढरं उठतं. तुझा तो हुकमाचा एक्का, ज्याच्यापुढे मी इतके महिने हरत होतो, तो तुझं वजन काढलं की चालेनासा होतो. जिंकलो ना मी? तीनतीनदा तपासलं, कुठेतरी चुकलेलं निघावं म्हणून. चुकलेलं नाही. असलं जिंकणं कुणाच्या वाट्याला येऊ नये गं.

मला फार राग आला तुझा. नदीकाठी निदान केविन परत येणार होता. इथे तू आधी निघून गेलीस आणि मागे मला नेणारं कुणी नाही, निघायचं तर माझं मलाच उठायचंय, आणि त्याचीही सोय तूच आधी बघून ठेवलीस, इराला विचारून. बाहेर पडायची वाट बघितल्याशिवाय तू कुठे शिरत नाहीस. पण ती माझ्यासाठी बघत होतीस हे मला कळलं असतं, तर त्या दिवशी मी तुला लिफ्टमध्ये जाऊच दिलं नसतं.

दुपारी केविनला फोन लावला. पांढरं, म्हटलं. त्याने आधी बरं म्हटलं. मग कामाचं बोलला. तिथलं लायसन्स, तिथला शिक्षक, पहिले काही आठवडे एकट्याने कुठे जायचं नाही, नदीचं तर नावच काढायचं नाही. सगळ्याला हो म्हटलं. इराला सांगितलं तर ती म्हणाली, "आय ॲम कमिंग विथ यू. जस्ट टू सी." येऊ दे तिला.

आत्तापर्यंत मला एकाच गोष्टीची भीती होती, शेजारच्या रिकाम्या सीटची. पिवळ्यात ती मागे असती, मान वळवल्याशिवाय दिसली नसती, आणि मी मनाशी काहीही समजून उडालो असतो. पांढऱ्यात ती कोपराला लागून राहणार. पण मघाशी बॅग भरताना लक्षात आलं की चालवणारा डावीकडे बसतो. ती तुझी जागा. तिथे आता मी बसणार, बाहेर बघणार. उजवीकडे रिकामी राहील ती माझी सीट आहे, इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून काटे बघत होतो ती.

जेवणाच्या खुर्चीवरची उशी बॅगेत घातली आहे. माझी उंची बघता मला ती लागणार नाही, डोकं छताला आपटेल. ती उजवीकडे ठेवीन. नदीच्या गणितात तिचं वजन धरून बघितलं, पट्टी तरीही पुरते.